दोन पासपोर्ट आणि एक खुर्ची

तेओफिस्तो गारिंगालाव यांची गावाविरुद्ध तक्रार एकच होती. त्यांना जिथं जावं तिथं खुर्ची मिळायची.

आता ही काय तक्रार झाली, असं कुणीही म्हणेल. खुर्चीसाठी लोक कुठल्या थराला जातात हे काय आपल्याला ठाऊक नाही? पण तेओफिस्तोंना, म्हणजे गावाच्या मानोंग पिस्तोंना, त्या खुर्चीनं अगदी रडकुंडीला आणलं होतं. बारशाला गेले, खुर्ची. मयताला गेले, खुर्ची. कोंबड्यांच्या झुंजीला गेले, तर तिथं दोन धडधाकट माणसं उठवून यांना खुर्ची. नुसती खुर्ची नव्हे, तर कागदी रुमालात गुंडाळलेला काटा-चमचा, बर्फ घातलेलं सरबत, आणि शेजारी पुठ्ठ्यानं वारा घालणारं कुणीतरी. मानोंग म्हणजे थोरला भाऊ. वयानं मोठ्या माणसाला इकडं कुणी नुसत्या नावानं हाक मारत नाही. पण यांना 'मानोंग' म्हणतानासुद्धा लोक किंचित वाकायचे, आणि तेच त्यांना सहन होत नसे.

तीस वर्षं कॅनडात, विनिपेगच्या एका हॉस्पिटलात हिशेबनिसाची नोकरी करून मानोंग पिस्तो बायकोसकट मनिलाच्या दक्षिणेला, इलोइलोकडच्या आपल्या जन्मगावी कायमचे राहायला आले होते. चॅपेलच्या मागं घर बांधलं. घराला रंग दिला. आंब्याची दोन कलमं लावली, ती जगलीसुद्धा. एवढं सगळं करून गावाच्या लेखी ते अजून 'आलेले'च होते, 'राहणारे' काही झाले नव्हते.

याला कारण तिकडची रीत. कार्य कुठलंही असो, पाहुण्यांची पंगत पहिली. त्यांना टेबल, खुर्ची, भाजलेल्या डुकराचं कुरकुरीत कातडं, सगळं आधी. घरची माणसं मागाहून, स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या, हातानं, उरलंसुरलं खातात. आणि गावातली सगळी महत्त्वाची कामं होतात ती याच शेवटच्या पंगतीत. कुणाची पोरगी कुणाला द्यायची, कुणाची होडी विकायला निघाली, चर्चच्या वर्गणीचं नेमकं काय झालं, हे सगळं आतल्या धुरात ठरतं. बाहेर खुर्चीवर बसलेल्या माणसाला फक्त आतलं हसू ऐकू येतं. मानोंग पिस्तो ते हसू ऐकत सरबत पीत बसायचे.

त्यातून सगळ्यात संतापाची गोष्ट म्हणजे त्यांची बायको. लिताजवळही तोच निळा कॅनडाचा पासपोर्ट होता. तीही तीस वर्षं तिकडंच. पण गावात आल्याच्या आठवड्यात कुणाच्या तरी बारशाला गेली ती तडक मागल्या दारानं आत. घटकाभरानं आतून कुणीतरी खेकसलं, "लिता, कांदा एवढा जाड कापतात का गं? बर्फात राहून हात गोठले का काय तुझे?" आणि आत हशा पिकला. बाहेर मानोंगांनी सरबताचा पेला खाली ठेवला. इतक्या आपुलकीनं त्यांच्यावर तीस वर्षांत कुणी खेकसलं नव्हतं. त्यांनीही एकदा आत जायचा प्रयत्न करून पाहिला होता. चार बायकांनी मिळून त्यांना हाताला धरून सन्मानानं खुर्चीवर आणून बसवलं.

ठिणगी पडली ती मात्र औषधाच्या दुकानात. रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला ते ज्येष्ठांच्या रांगेत उभे राहिले.

"लोलो, कार्ड?" गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं.

"कार्ड नाही. केस बघ की."

"केसांवर सवलत नसते, लोलो. नगरपालिकेतून ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड आणा."

लोलो म्हणजे आजोबा. एवढी एक पदवी मिळाली म्हणून मानोंग खूश होऊन नगरपालिकेत गेले. तिथल्या बाईंनी आधी खुर्ची दिली. मग निळा पासपोर्ट उलटसुलट पाहिला आणि फार हळुवार आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही ज्येष्ठ आहात, त्यात वादच नाही. पण नागरिक कुठं आहात?"

"अहो, मी याच गावात जन्मलो!"

"हो सर. पण मग गेलात ना."

'गेलात ना' एवढ्या दोन शब्दांत माणसाचा निकाल लागू शकतो हे मानोंगांना माहीत नव्हतं. ते घरी आले आणि गोळी न घेताच रक्तदाब मोजत बसले.

शेजारी माएस्त्रो बाल्तो राहायचे. निवृत्त शाळामास्तर. निवृत्त झाल्यापासून त्यांनी शिकवणं सोडून सल्ले द्यायला घेतलं होतं, आणि गावाचं म्हणणं असं की शाळेत होते तेव्हा निदान सुट्टीची घंटा तरी व्हायची. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"एवढंच ना? मग इकडचं नागरिकत्व परत घ्या! एक शपथ घेतली की झालं. आणि कॅनडाचं सोडायचं नाही. दोन्ही ठेवायची."

"दोन्ही? चालतं?"

"पासपोर्टांचं चालतं. बायकांचं करून बघू नका."

"फायदा काय पण?"

"फायदा? जमीन हवी तेवढी घ्या. आत्ता परदेशी म्हणून मोजूनमापून घ्यावी लागली की नाही? मत द्या. राहायला मुदत नाही, शिक्का नाही. कार्ड मिळेल, गोळ्या स्वस्त. कॅनडात पोरीकडं जायचं झालं तर निळा दाखवा, परत येताना इकडचा लाल दाखवा. दोन्ही घरचा जावई!"

"आणि तोटा?"

माएस्त्रो जरा विचारात पडले. तोट्यांचा त्यांना अनुभव नव्हता, कारण त्यांचे सल्ले नेहमी दुसरेच लोक अमलात आणायचे. "तोटा म्हणाल तर एकच. निवडणुकीला उभं राहायचं असेल तर मात्र परकं नागरिकत्व शपथेवर सोडून द्यावं लागतं. पण तुमचा काय संबंध? तुम्हाला या गावात कुणी साधं उभं राहू देत नाही!"

आत लिता मासे साफ करत होती. ती तिथूनच म्हणाली, "मला एक पासपोर्ट सांभाळताना नाकी नऊ येतात. तुला हवं तर तू घे, पिस्तो. मला नको."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मानोंग म्हणाले. "हा मानाचा प्रश्न आहे."

"असू दे. जाताना तेवढा कचरा टाकून ये."

आता गंमत अशी, की नागरिकत्व परत मिळवायचं तर आधी आपण मूळचे इथलेच होतो हे दाखवावं लागतं. आणि मानोंगांच्या जन्माची नोंद ज्या वहीत होती ती एका मोठ्या वादळात भिजली आणि उरलेली वाळवीनं खाल्ली. म्हणजे कॅनडात त्यांच्या दाताच्या कवळीचीसुद्धा नोंद सापडली असती, पण ते जन्मले होते याला इथं काही पुरावाच नव्हता. वकिलानं सांगितलं, "जन्म आठवणारं जुनं माणूस आणा. शपथेवर लिहून घेऊ."

गावात इतकं जुनं माणूस एकच होतं. तिया अंबांग, मानोंगांची आत्या. नव्वदीच्या पुढची, पण अजून पेटतं टोक तोंडात धरून विडी ओढणारी. तिचा मुलगा निकानोर हा त्यांच्या बरांगायचा, म्हणजे वस्तीचा कप्तान. आपल्याकडं सरपंच म्हणतात तसाच, फक्त याला जास्त शिव्या खाव्या लागतात. निकानोर आणि मानोंग लहानपणी एका होडीत वाढलेले. निकानोर स्वतः आईला तीनचाकीत घालून वकिलाकडं घेऊन आला.

तिया अंबांगनं मानोंगांकडं बराच वेळ पाहिलं आणि विडी तोंडातून काढून म्हणाली, "हा नव्हे."

"तिया, अगं मीच पिस्तो!"

"आमचा पिस्तो काळाकुट्ट होता. हा बघ कसा भिजवलेल्या तांदळासारखा झालाय. कुणाला आणलंस रे, निकानोर?"

"आई, तिकडं ऊन नसतं गं. म्हणून तसा झालाय."

"मग बूट काढायला सांग त्याला. आमच्या पिस्तोच्या डाव्या टाचेला खूण आहे. तूच ढकललं होतंस त्याला, शिंपल्यांवर. केवढं रक्त आलं होतं."

निकानोरनं मान खाली घातली. साठी उलटलेल्या कप्तानाला वकिलासमोर असं ऐकावं लागणं काही बरं नव्हे. मानोंगांनी बूट काढला, मोजा काढला आणि पाय वकिलाच्या टेबलावर ठेवला. तिया अंबांगनं टाचेवरून बोट फिरवलं.

"हां," ती म्हणाली. "हाच तो मेला."

मानोंगांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. एवढा सरकारी कारभार झाला, पण त्यांना कुणी ओळखलं म्हणावं तर ते या एका शिवीत. ते पुढं होऊन आत्याच्या पाया पडणार, तेवढ्यात ती निकानोरला म्हणाली, "अरे, पाहुणा एका पायावर उभा आहे. खुर्ची दे त्याला!"

शपथ शहरातल्या कार्यालयात झाली. मानोंगांनी उजवा हात वर केला, शपथ म्हटली. अधिकाऱ्यानं हात हातात घेऊन अभिनंदन केलं. बाहेर पडल्यावर त्यांना नक्की काय बदललं ते कळेना. दोन देश त्यांचे होते, आणि भूक मात्र एकच लागली होती. पुढं काही दिवसांनी लाल पासपोर्ट आला, कार्डही आलं. ते कार्ड घेऊन ते ऐटीत औषधाच्या दुकानात गेले. मुलीनं कार्ड पाहिलं, हसली आणि म्हणाली, "गोळ्या संपल्यात, लोलो."

पण हे सगळं पुढचं. शपथ घेऊन त्याच दिवशी गावात शिरले तर वेशीवर ही थोरली फ्लेक्स लागलेली! 'आमचे मानोंग पिस्तो पुन्हा आमचे झाले, हार्दिक अभिनंदन!' असं तिच्यावर लिहिलेलं. कोपऱ्यात मानोंगांचा फोटो, आणि मधोमध त्याच्या चौपट मोठा हात जोडलेल्या कप्तान निकानोरचा. चॅपेलसमोर मांडव घातला होता. भाजलेलं डुक्कर, शेवया, तूर नि फणस घालून शिजवलेलं मटण. आणि मांडवाच्या ऐन मध्यावर, जांभळं कापड अंथरलेली, आजवरची सगळ्यात मोठी खुर्ची.

मानोंग तिच्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "निकानोर, आज मी आत जेवतो. सगळ्यांबरोबर."

"छे छे, मानोंग! असं कसं? तुम्ही आमचे पाहुणे. आजचा मान तुमचा!"

'पाहुणे' हा शब्द जाऊन असा रुतला की मानोंगांना डुकराचं कातडंसुद्धा गोड लागेना. शपथ घेऊन, टाच दाखवून, सरकारनं लेखी दिल्यावरसुद्धा पाहुणे! आतून लिताचं हसू ऐकू येत होतं. जिनं कसलीही शपथ घेतली नव्हती ती आत हातानं भात कालवत होती, आणि दोन-दोन देशांचा नागरिक बाहेर काट्या-चमच्यानं तुरीचे दाणे वेचत होता.

शेजारच्या खुर्चीवर माएस्त्रो होतेच. ते कानाशी लागले. "मानोंग, गावात असा एकच माणूस आहे ज्याला कुणी खुर्ची देत नाही."

"कोण?"

"कप्तान! बघा की. निकानोर बसलाय का कुठं? खुर्च्या मांडतोय, पातेली उचलतोय, आत जातोय, शिव्या खातोय. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरतो. निवडणूक येतेच आहे."

मानोंगांनी पाहिलं. निकानोर खरंच एका हातात पातेलं नि दुसऱ्या हातात कोंबडी घेऊन घामाघूम आत चालला होता, आणि तिया अंबांग त्याला नाही नाही ते बोलत होती. केवढा भाग्यवान माणूस!

अशा रीतीनं मानोंग पिस्तो उमेदवार झाले. चॅपेलजवळच्या तुंबलेल्या गटाराचा मुद्दा त्यांनी हाती घेतला, पण तो आपला लोकांसाठी. खरा मुद्दा शेवटच्या पंगतीचा होता.

निकानोरला हे कळल्यावर तो घरी आला. पायरीवर बसला. "मानोंग, माझं काही चुकलं का?"

"नाही रे बाबा."

"मग कशाला ही दगदग तुम्हाला? पाहुण्यासारखं आरामात राहा की."

"हेच!" मानोंग ओरडले. "नेमकं हेच!" निकानोरला काही कळलं नाही. तो बिचारा गेला आणि फ्लेक्स काढून घेतली.

आता कॅनडा सोडायचा होता. चर्चच्या बाजूला, झेरॉक्सच्या दुकानाला लागून एक नोटरी बसायचा. त्याच्यासमोर मानोंगांनी शपथेवर कॅनडाचं नागरिकत्व सोडलं. तीस हिवाळे, बर्फ उपसण्याचं फावडं, पोरीची शाळा, सगळं एका सहीत गेलं. "आता कॅनडाला कळवायचं ना?" त्यांनी विचारलं.

"कशाला?" नोटरी शिक्का मारत म्हणाला. "त्यांचं त्यांच्यापाशी. ही शपथ इथल्यापुरती. तिकडच्या कायद्यानं तुम्ही अजून त्यांचेच."

"म्हणजे मी कॅनडाचा आहे का नाही?"

"इथून बघितलं तर नाही. तिथून बघितलं तर आहे."

मानोंग घरी येऊन लिताला म्हणाले, "मी घटस्फोट दिलाय, पण बायकोला अजून पत्ताच नाही."

"काय बोललास?" लिता लाटणं घेऊनच बाहेर आली, तेव्हा मग सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आणि मारिविकचं काय? पोरीला दिवस गेलेत. तिकडं जायचं झालं तर?"

"तिला अजून वेळ आहे," मानोंग म्हणाले.

पण बाळाला हे कुणी सांगितलं नव्हतं. प्रचार ऐन रंगात आला असताना विनिपेगहून जावयाचा फोन आला. बाळ वेळेआधीच झालंय. मुलगी आहे. काचेच्या पेटीत ठेवलीय. मारिविक सारखी रडतेय.

मानोंग उभ्याचे खाली बसले. या खेपेला खुर्ची त्यांनी स्वतःच ओढून घेतली. निवडणूक, गटार, शेवटची पंगत, सगळं डोक्यातून पार धुऊन गेलं. लिता तापानं फणफणली होती, तिला विमानात बसवणं शक्य नव्हतं. लाल पासपोर्टावर जायचं तर व्हिसा हवा, त्याला किती दिवस लागतील कुणास ठाऊक. कपाटात निळा पासपोर्ट पडला होता, चांगला चालू.

"जा," लिता म्हणाली. "मी इथलं बघते."

"अगं, पण माझी शपथ?"

"शपथ घेऊन बसलास तर नात तुला कधी बघणार? ऊठ!"

मानोंग निळा पासपोर्ट घेऊन गेले. काचेच्या पेटीतल्या त्या चिमुकल्या जिवाला बघून आजोबा असे रडले की नर्सनं त्यांना खुर्ची दिली. बाळ सुधारलं, पेटीतून बाहेर आलं, मारिविक हसायला लागली. तेव्हा कुठं त्यांना आठवलं की आपण निवडणुकीला उभे आहोत. परतीचं विमान मनिलाला उतरलं. दोन हातांत चॉकलेटांच्या पिशव्या, डोळ्यांत झोप, आणि तीस वर्षं दर खेपेला ज्या रांगेत उभे राहत आले त्याच रांगेत पाय आपोआप गेले. परदेशी झालेली मूळची माणसं सुट्टीला घरी येतात त्यांची ती रांग. लाल पासपोर्ट कोटाच्या आतल्या खिशात होता. हातात निळा होता.

"घरी स्वागत आहे, सर," खिडकीतला तरुण प्रेमानं म्हणाला आणि शिक्का मारला. एक वर्ष राहण्याची परवानगी.

"थँक्यू, बाबा," मानोंग म्हणाले आणि नातीचा फोटो त्याच पानात जपून ठेवला.

गावात आले तर निकाल लागलेला. मानोंग पिस्तो निवडून आले होते! थोडक्या मतांनी, पण आले होते. आता हे कसं झालं याविषयी दोन मतं होती. माएस्त्रोंचं म्हणणं, उमेदवार गावात नसल्यामुळं त्याची भाषणं कुणाला ऐकावी लागली नाहीत. बायकांचं म्हणणं, मतं लिताला पडली. ताप उतरल्यावर ती रोज एकेका स्वयंपाकघरात कांदा कापायला जात होती, आणि कांदा कापताना डोळ्यांत पाणी आणून सांगायची, "काय करणार, नातीसाठी गेलाय हो तो."

विजयाची पंगत मांडली गेली. मानोंग आज खुर्चीवर बसले नाहीत. कप्तानच ते! पातेलं उचलायला धावले. पण पातेल्याआधी सगळ्यांना नातीचा फोटो बघायचा होता. मानोंगांनी खिशातून निळा पासपोर्ट काढला, उघडला आणि फोटो सगळ्यांसमोर धरला.

"अगं बाई, नाक बघा, अगदी पिस्तोचं!" तिया अंबांग म्हणाली.

निकानोर हरला होता, पण आला होता. पुतणीचं बाळ म्हणून तोही वाकून कौतुकानं बघत होता. फोटो बघून झाला तशी त्याची नजर खालच्या पानावर गेली.

"मानोंग," त्यानं अगदी भोळेपणानं विचारलं, "हा शिक्का कसला? तारीख तर आत्ताची दिसतेय. एक वर्ष राहायची परवानगी? तुम्हाला कशाला परवानगी?"

माएस्त्रो बाल्तोंनी शेवयांचा घास तसाच ताटात ठेवला.

"बोंबला," ते म्हणाले.

पुढं जे व्हायचं ते झालं. निकानोरनं तक्रार केली नाही, पण त्याच्या बायकोनं केली. तिचंही बरोबरच होतं. निकाल सरळ आला. परकं नागरिकत्व शपथेवर सोडलं म्हणता आणि मागाहून त्याच देशाच्या पासपोर्टावर फिरता, म्हणजे सोडलं कुठं? उमेदवारी बाद. दुसऱ्या नंबरचा माणूस कप्तान.

मानोंगांना काही म्हणजे काही उमजेना. ते वकिलाला म्हणाले, "म्हणजे आता मी इथला नागरिक नाही?"

"आहात की! मत द्या, जमीन घ्या, गोळ्या घ्या."

"आणि तिथला?"

"तिथलाही आहात. कायम होतात."

"मग गेलं काय माझं?"

"फक्त खुर्ची," वकील म्हणाला.

हे ऐकून मानोंगांना हसावं की रडावं ते कळेना. ज्या एका खुर्चीसाठी बाकीच्या सगळ्या खुर्च्या सोडायला निघाले होते, तीच गेली. आता लोक काय म्हणतील? आला, एक वर्षाची परवानगी घेऊन कप्तान व्हायला निघाला. ते घराबाहेर पडेनात. नातीचा फोटो बघत बसायचे आणि मधूनच म्हणायचे, "लिता, मी तेव्हा खिशात हात घातला असता तर?" लिता पहिल्यांदा समजूत घालायची. मग नुसतं "हो, हो" म्हणायला लागली.

निकानोरच्या शपथविधीची पंगत आली. लिता सकाळीच तिया अंबांगच्या घरी कांदा कापायला गेली. मानोंग यायला तयार नव्हते, पण संध्याकाळी एकटं घर खायला उठलं तशी खाली मान घालून निघाले. मांडवात नगराध्यक्ष आले होते, त्यांची माणसं आली होती, शेजारच्या वस्त्यांचे कप्तान आले होते. मानोंग कडेला उभे राहिले. कुणाचं लक्ष गेलं नाही. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. त्यांना वाटलं, संपलं. आता आपण पाहुणेसुद्धा राहिलो नाही. मागल्या दारानं गुपचूप सटकावं म्हणून ते स्वयंपाकघराच्या बाजूनं निघाले.

"ए पिस्तो!" तिया अंबांग आतून कडाडली. "खांबासारखा काय उभा राहिलास? ते पातेलं धर! पोरींचे हात भाजताहेत, दिसत नाही तुला?"

मानोंगांनी मागं वळून पाहिलं. दुसरा कुणी पिस्तो नव्हता.

"आंधळा झालास का काय? एक तर माझ्या पोराची खुर्ची पळवायला निघाला होतास, तीही धड पळवता आली नाही. निदान पातेलं तरी धर!"

सगळ्या बायका खदाखदा हसल्या. लिताही हसली. मानोंगांनी पातेलं धरलं. हात भाजला, तर कुणी अरेरे म्हटलं नाही. मग त्यांनी पाणी आणलं, कोळसे विझवले, पाहुण्यांची ताटं विसळली. एक ताट फुटलं, त्यावरून निकानोरची बायको ताडताड बोलली. नगराध्यक्षांच्या बरोबरची एक मुलगी आत डोकावली नि म्हणाली, "अय्या, हे काका उभे आहेत! खुर्ची देऊ का बाहेरून?"

"त्याला कशाला?" तिया अंबांग विडीचा धूर सोडत म्हणाली. "तो घरचाच आहे."

पाहुणे गेल्यावर केळीच्या पानावर उरलेला भात पडला, वर तूर-फणसाचा रस्सा, डुकराचा एक कान. निकानोरही बाहेरून घामाघूम होऊन आला आणि मानोंगांच्या शेजारी उभा राहून त्याच पानातला घास घेऊ लागला.

"मानोंग, उद्या सकाळी गटारावर या. फावडं घेऊन. तुम्हाला बर्फ उपसायची सवय आहे."

"अरे, पण ते तर कप्तानाचं काम."

"कप्तान सांगेल ना. उपसायचं तुम्ही." आणि त्यानं कानाचा मोठा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

मानोंगांना फार बरं वाटलं. त्यांनी लिताकडं पाहिलं, पण ती कुणाच्या तरी पोरीचं कुणाशी तरी जमवण्यात गुंतली होती. होडीचं निघालं, वर्गणीचं निघालं, माएस्त्रो बाल्तोंविषयी तर जे निघालं ते इथं सांगण्यासारखं नाही. सगळं ऐकायला मिळत होतं. पण पंगत काही आटपेना. मानोंग संध्याकाळपासून उभे होते. कंबर भरून आली, गुडघे बोलायला लागले, डाव्या टाचेची जुनी खूण ठणकू लागली. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. गावात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की आता कुणीतरी एक खुर्ची दिली तर फार बरं होईल.

कुणी दिली नाही.